नारंगी डबीची जवारी : बॉस डीएस-वन, आठ महिने वापरून

मिरजेत माझं मेडिकलचं दुकान आहे. रात्री साडेनऊला शटर ओढलं की माडीवर जातो आणि आई झोपेपर्यंत, म्हणजे फार तर पाऊण तास, गिटार वाजवतो. वय सत्तेचाळीस. कॉलेजात असताना शिकलो होतो, मग दुकान, लग्न, मुली, आणि गिटार वीस-बावीस वर्षं कपाटावर. लॉकडाऊनमध्ये खाली काढली तेव्हा तारा गंजून काळ्या झालेल्या. एवढं सांगतोय ते अशासाठी, की डीएस-वन ह्या, गिटारचा आवाज फाडणाऱ्या पेडलबद्दलचं हे मत कुणाचं आहे ते आधी कळावं. स्टेजवर वाजवणाऱ्या माणसाचा अनुभव हवा असेल तर तो मला नाही. माझ्याकडे स्ट्रॅट (फेंडरचं गाजलेलं मॉडेल) बनावटीची एक साधी इलेक्ट्रिक गिटार आहे, तिचा आवाज मोठा करणारा दहा वॅटचा अ‍ॅम्प आहे आणि खालच्या मजल्यावर झोप सावध असलेली आई आहे.

पेडल, म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडायची, पायाने चालू-बंद करायची डबी, घेतलं सेकंडहँड. माझ्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा नोकरीला पुण्याला निघाला होता, त्याने साडेतीन हजारांत दिलं. खोकं नाही, कागद नाही, एका बटणावरची पांढरी रेघ झिजलेली. बाकी ठणठणीत. बॉस ही जपानच्या रोलंड कंपनीची शाखा. डीएस-वन त्यांनी 1978 साली काढलं आणि आजही तेच मॉडेल, तोच नारंगी रंग, तीच तीन बटणं घेऊन विकलं जातंय. डावीकडे टोन, मध्ये लेव्हल, उजवीकडे डिस्ट. टोन म्हणजे आवाज किती तीक्ष्ण, लेव्हल म्हणजे किती मोठा, आणि डिस्ट म्हणजे डिस्टॉर्शन, आवाज किती फाडायचा ते. हातात घेतलं की खलबत्त्यातल्या बत्त्यासारखा जडपणा जाणवतो, तेवढ्यावरच मला ते आवडलं होतं.

हे पेडल घेण्याचं कारण बहुतेकांचं असतं तेच माझं, निर्व्हाना हा अमेरिकन रॉक बँड. त्यांचा गायक-गिटारवाला कर्ट कोबेन 'नेव्हरमाइंड' ह्या अल्बमच्या काळात हीच नारंगी डबी पायाखाली ठेवून वाजवायचा. 1991 साली ती कॅसेट निघाली, माझ्या हाती ती दोन वर्षांनी आली, कॉपीची कॉपी, सांगलीच्या एका मित्राकडून. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'ची सुरुवातीची गिटार साधी, कोरडी वाजते, मग ढोल कोसळतात आणि तीच रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा गिटारचा छोटा तुकडा, दहापट मोठी होऊन येते. तो 'दहापट मोठी' क्षण मला माझ्या माडीवर हवा होता.

म्हणून पहिल्या रात्री मी काय केलं असेल? डिस्ट पूर्ण उजवीकडे, टोन पूर्ण उजवीकडे. आणि जो आवाज आला त्याला पिठाच्या गिरणीत मधमाश्या सोडल्यासारखा म्हणेन. रिफ ओळखू येईना. मी एफ, बी फ्लॅट असे कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वर) बदलतोय हे मला दिसत होतं, ऐकू मात्र एकच अखंड घर्र्र येत होतं. आई खालून म्हणाली, "मिक्सर बंद कर रे." महिनाभर असंच चाललं. दोष गिटारला दिला, मग अ‍ॅम्पला, मग सत्तेचाळीस वर्षांच्या बोटांना.

सुटका केली ती चाचांनी. सतारमेकर गल्लीतले आहेत, पन्नासएक वर्षं तंबोरे-सतारी केल्या, आता कारखाना पुतण्याकडे. शुगरच्या गोळ्या न्यायला येतात, औषध पाच मिनिटांचं आणि गप्पा अर्ध्या तासाच्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा पेढे घेऊन आले होते, स्वतःला चालत नसताना. एका रविवारी दुपारी वर बोलावलं, म्हटलं, चाचा, जरा ऐका, ह्यात काय बिघडलंय.

मी सगळं फुल करून 'टीन स्पिरिट' वाजवलं. चाचांनी तोंड कसनुसं केलं.

"जवारी लई खुललीया," म्हणाले. "तार बोलंना झालीया. नुसती घोडी वरडायलीया."

ज्यांना जवारी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो, कारण ह्या पेडलबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं तिथेच आहे. सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा धारदार नसतो, रुंद असतो आणि अगदी हलका उतरता घासलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर पुसटशी टेकत, सुटत राहते. त्या टेकण्यातून मूळ स्वराच्या वरचे बारीक बारीक स्वर जागे होतात, आणि तंबोरा नुसता टणटण न करता गुंजतो. चाचा जवारी काढताना मी पाहिलंय. कानशीचा एक हात मारायचा, फुंकर घालायची, तार परत घोडीवर चढवायची, छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं. पुन्हा तार उतरवायची, पुन्हा एक हात. दीड तास. एक हात जास्त पडला की आवाज पसरट होतो, तार नुसती करकरते, आणि मग सगळा माथा परत घासावा लागतो. जवारी खुली ठेवायची की बंद, हे वाजवणारा सांगतो.

डीएस-वनच्या पोटात घोडी नाही, दोन छोटे डायोड आहेत, पण काम त्याच जातीचं. गिटारचा सिग्नल आधी वाढवला जातो. मग लाट अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या वर उसळायला लागली की हे डायोड तिचा माथा वरून-खालून छाटतात. गोल लाट रंधा मारल्यासारखी सपाट होते, आणि त्या सपाट कडांमधून वरचे स्वर निघतात. डिस्टचं बटण म्हणजे रंधा किती खोल लावायचा ते. मी माथा पार भुईसपाट करून बसलो होतो.

चाचांना बटणांची नावं वाचायची नव्हती. त्यांनी डिस्ट स्वतःच्या हाताने मागे घेतलं, मी एकच तार छेडत राहिलो, ते कान लावून बसले. घड्याळाच्या काट्याच्या हिशोबाने बटण नऊच्या थोडं पुढे आलं तेव्हा म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे." टोन दहावर आणला. मी दुकानातून लाल नेलपॉलिश आणलं आणि तिन्ही बटणांच्या कडेला ठिपके लावून टाकले. आजतागायत ते हललेले नाहीत.

त्या ठिपक्यांवर मी मग एकेक रिफ तासून बघितली. पहिली अर्थातच 'स्मोक ऑन द वॉटर', डीप पर्पल, 1972. मॉन्त्रोचा कॅसिनो जळाल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो. माझं लक्ष होतं त्यांच्या गिटारवाल्या रिची ब्लॅकमोरच्या उजव्या हाताकडे. गिटार हातात घेणारा प्रत्येक पोरगा ही रिफ पिकने (तार छेडायच्या चकतीने) खालच्या दिशेला ओरबाडतो, ब्लॅकमोर ती बोटांनी वाजवतो, दोन तारा एकदम चिमटीत धरून उचलल्यासारख्या. डिस्ट फुल असताना ओरबाडणं आणि चिमटा ह्यांत काही फरक कळत नव्हता, पेडल सगळंच एका उंचीवर छाटत होतं. नऊवर आल्यावर फरक एकदम उघडा पडला. चिमटीने दोन्ही स्वर एका क्षणी सुटतात, आणि प्रत्येक ठोक्याला सुरुवातीला एक 'टप्' येते. ती 'टप्' नसेल तर ही रिफ नुसती वरात आहे.

चाचांनी दोनदा ऐकली आणि गुणगुणून दाखवली. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र मध्यमाला नुसतं शिवून शुद्धावर. सा, ग, म, ग, सा. "आणि खाली काय वाजवायलायस?" म्हणाले. खाली प्रत्येक स्वराच्या जोडीला चौथा. म्हणजे षड्जाच्या खाली मंद्र पंचम. "मग असं म्हण की, तंबोराच हाय," म्हणाले आणि पान काढलं.

हे त्यांनी सहज म्हटलं, पण मला इतक्या वर्षांत न उमगलेली गोष्ट होती. रॉकमधल्या जड रिफा बहुतेक पॉवर कॉर्डवर का असतात? पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज-पंचम, मधला गंधार गाळलेला. दोन स्वर एकदम ह्या पेडलमधून पाठवले की ते एकमेकांत मिसळून आणखी तिसरे-चौथे स्वर तयार करतात. षड्ज-पंचमातून जे तयार होतात ते त्याच घरातले असतात, म्हणून कॉर्ड आणखी भरघोस वाटतो. गंधार घातला की परके पाहुणे येतात आणि भांडण सुरू होतं. करून बघा. डीएस-वनवर साधा, तीन बोटांचा, खुला ई मेजर पूर्ण डिस्टवर वाजवा, आणि मग त्यातला गंधार गाळून. पहिल्यात गुरगुर, दुसऱ्यात गुंज. तंबोरा षड्ज-पंचमात लावणाऱ्यांनी जे कानाने ओळखलं, तेच बर्मिंगहॅमच्या आणि सिएटलच्या रॉकवाल्या पोरांनी अ‍ॅम्पसमोर बसून ओळखलं असणार.

'बॅक इन ब्लॅक', एसी/डीसी, 1980. ह्या रिफने माझा गैरसमज कायमचा मोडला. लहानपणी कॅसेटवर ऐकताना वाटायचं, केवढा फाडलेला आवाज! आता मूळ ध्वनिमुद्रण हेडफोनवर नीट ऐकलं तर गिटार जवळजवळ स्वच्छ आहे. कडेला थोडी करवत. मोठेपणा येतो तो दोन कॉर्डच्या मधल्या शांततेतून, बँडमधले दोघे गिटारवाले यंग बंधू तारा हाताने बंद करतात त्यातून. डीएस-वनवर ती शांतता मिळवायला मला डिस्ट ठिपक्याच्याही मागे, आठवर न्यावं लागलं. तिथे ते पेडल आहे की नाही असं वाटतं, आणि तिथेच ही रिफ चांगली वाजते. औषधाचंही तसंच असतं म्हणा. गिऱ्हाइकाला पाचशेची गोळी दिली तरी तो 'हजाराची नाही का' म्हणून विचारतोच.

सगळ्यात मजा आली 'सॅटिस्फॅक्शन'ला. रोलिंग स्टोन्स, 1965. रिफ एका तारेवर बसते, प प, प ध कोमल नी, आणि परत खाली. कीथ रिचर्ड्सने ती मॅस्ट्रो कंपनीच्या फझटोन पेडलवर वाजवली होती, आणि त्याच्या डोक्यात ती गिटारची नव्हतीच, पितळी वाद्यांची होती. फझ हा नुसता कच्चा आराखडा, पुढे कर्णेवाले आणून पक्कं करू, असा बेत. आराखडाच बाजारात गेला. त्याच वर्षी ओटिस रेडिंगने ते गाणं खरोखर पितळी वाद्यांवर केलं, तेही ऐकण्यासारखं आहे. डीएस-वन हे काही फझ नाही, फझचा आवाज आणखी फाटका, लोकरी. पण टोन पूर्ण मागे, सातवर, आणि गिटारचा गळ्याजवळचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा चुंबक), एवढं केलं की कर्ण्याच्या आसपास पोचता येतं. लग्नातला बँड लांबून ऐकू यावा तसं.

चाचांना मी त्या दिवशी यार्डबर्ड्स ह्या इंग्लिश बँडची गोष्ट सांगितली, ती त्यांना सगळ्यात आवडली. 1965 सालीच 'हार्ट फुल ऑफ सोल' ह्या गाण्याच्या रिफसाठी लंडनच्या स्टुडिओत सतारिया बोलावला होता. सतारीवर वाजवून घेतलं, पण त्या ढोलांपुढे ते हवं तसं उठून येईना. मग त्यांच्या गिटारवाल्या जेफ बेकने गिटार फझमध्ये घातली आणि सतारीसारखी वाजवली, तीच रेकॉर्डवर गेली. म्हणजे आपण जवारीसाठी दीड तास कानस चालवतो, ती त्याने एका डबीतून काढली. चाचा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "सतार कुणी केलेली हुती त्यांची?" ते काही मला सांगता येईना.

सोलोंच्या, म्हणजे गाण्यात गिटार एकटी पुढे येते त्या तुकड्यांच्या बाबतीत माझं मत थोडं कडक आहे. रिफ वाजवायला हे पेडल पुरेसं आहे, सोलोला ते तुमची परीक्षा बघतं. डेव्हिड गिल्मोरच्या 'कम्फर्टेबली नम्ब'मधला शेवटचा सोलो, पिंक फ्लॉइड, 1979, हा माझा जीव की प्राण. गिल्मोरने तो पाच-सहा वेळा वाजवून ठेवला आणि त्यातले चांगले तुकडे निवडून जोडले, तरी ऐकताना एका दमात म्हटल्यासारखा वाटतो. त्याचं पेडल वेगळं, बिग मफ. त्यात स्वर लोण्यासारखा लांबत जातो. डीएस-वनवर तेवढा लांबत नाही, नऊच्या ठिपक्यावर तर नाहीच. डिस्ट दोनवर न्यावं लागतं, आणि तिथे बोटं नको त्या तारेला जरा जरी घासली तरी ते पेडल चहाडी करतं.

ह्या सोलोचा प्राण तार ओढण्यात आहे. गिल्मोर एक तार ढकलत ढकलत वरच्या स्वरावर नेतो आणि तिथे थरथरवत ठेवतो. चाचांनी माझं बोट बघून विचारलं, "मींड ढकलून काढतोस व्हय? आमची खाली ओढत्यात." आणि मग बरोबर वर्मावर बोट ठेवलं. मी स्वरापर्यंत पोचतच नव्हतो. ओढायची होती पूर्ण स्वर, जात होती पाऊण. साध्या गिटारवर हे लपतं. ह्या पेडलवर उघडं पडतं, कारण वरचे सगळे स्वरही त्याच पाऊण जागी बेसूर ओरडतात. तीन आठवडे नुसती ती एक मींड घासली. करंगळीशेजारच्या बोटाला घट्टा पडलाय, इंजेक्शनची ट्रे उचलताना जाणवतो.

क्वीनच्या 'बोहेमियन रॅप्सडी'तला सोलो मात्र ह्या डबीत नाही, सरळ सांगतो. फ्रेडी मर्क्युरी शिकला आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये, तिथे त्याने शाळेचा बँडही काढला होता, म्हणून क्वीनबद्दल आमच्या भागातल्या लोकांना उगाच घरचेपणा वाटतो. मलाही वाटतो. पण त्यांच्या ब्रायन मेची गिटार त्याने वडिलांबरोबर घरी केलेली, तिच्या गळ्याचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, आणि पिकऐवजी हातात सहा पेन्सचं नाणं. नाण्याच्या दातेरी कडेचा तो 'चर्र' मी आपल्या एक रुपयाच्या नाण्याने काढायचा प्रयत्न केला. तार तुटली. ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श दोघे मिळून वाजवतात, आणि माझ्याकडे दुसरा माणूस नाही. शिवाय प्रत्येक गॅदरिंगमध्ये ऐकून ऐकून कान किटलेत.

आता तक्रारी. टोनचं बटण मधल्या खुणेच्या पुढे न्यायचंच नाही, निदान सिंगल कॉइल (एका गुंडाळीच्या) पिकअपवाल्यांनी. सुई टोचते. मधल्या पट्टीतला आवाज हे पेडल जरा खातं, त्यामुळे घरी एकट्याने वाजवताना भारी वाटतं आणि कुणाबरोबर वाजवायला बसलो की गिटार कुठे गेली असं होतं. भाच्याच्या ड्रमसोबत एकदा बसलो तेव्हा हे कळलं. लेव्हल वाढवून अर्धवट भागतं. आणि गिटारचा आवाज बोटाने कमी केला की फाटलेपणा कमी होऊन स्वच्छ व्हावं, ही अपेक्षा इथे ठेवू नका. आवाज कमी होतो, खरखर तशीच.

हमचा त्रास झाला तो पेडलचा नव्हता. एका दुकानातून स्वस्तातला नऊ व्होल्टचा अडॅप्टर आणला होता. वाजवत नसतानाही खालच्या षड्जासारखी घुंऽऽ चालू. त्यांनी बदलून दिला नाही, 'वायरिंग बघा घरचं' म्हणाले. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घातली, घुंऽऽ गायब. बॅटरी बदलायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही, पायाच्या झाकणाचा स्क्रू हातानेच सैल करायचा, झाकण उचलायचं. फक्त एक. उजवीकडे इनपुटमध्ये केबल घातलेली असेल तर लाल दिवा बंद असतानाही बॅटरी जळत असते. हे कळेपर्यंत माझ्या तीन बॅटऱ्या गेल्या. दुकानातल्या बीपीच्या मशीनचे सेल बाहेर काढून ठेवतो तशी आता केबल ओढून शेजारी ठेवतो.

घ्यावं का? पहिलंच पेडल घेत असाल तर सेकंडहँड, डोळे मिटून. मोडत नाही, विकलं तर पैसे सुटतात. हमबकर (दोन गुंडाळ्यांच्या) पिकअपवाल्यांना टोनचा त्रास माझ्यापेक्षा कमी होईल. ज्याला फक्त गिल्मोर वाजवायचाय त्याने थोडे पैसे आणखी साठवावेत. आणि ज्याच्याकडे आधीच फाडणारा अ‍ॅम्प आहे त्याने हे स्वच्छ चॅनलवरच लावावं, दोन दोन घोड्या एका तारेखाली नकोत.

गेल्या दिवाळीत तो मुलगा आला होता, ज्याच्याकडून घेतलं तो. आईच्या बीपीच्या गोळ्या न्यायला. "काका, पेडल आहे अजून?" म्हणाला. गर्दी नव्हती, त्याला वर नेलं, गिटार हातात दिली. त्याने लाल ठिपके बघितले, हसला, आणि काही बोलायच्या आत अंगठ्याने डिस्ट सर्रकन पूर्ण उजवीकडे फिरवलं. खालून आई ओरडली, "मिक्सर!"